एंजिनाचा उच्छ्वास आणि तेल टिपणारा डबा

बरीच वर्षे चाललेल्या एखाद्या जुन्या एंजिनाच्या तेल भरण्याच्या तोंडावरील झाकण, एंजिन चालू असताना काढून पाहिले, तर आतून ऊबदार व उग्र वासाची हवा मंद झोताने बाहेर येताना जाणवते. तिच्याबरोबर तेलाचे अतिशय बारीक तुषार असतात. ही हवा कोठून येते, तिने कोठे जावे, आणि तिच्या वाटेवरील नळीत किंवा निपलात मनुष्याला फेरफार करावयाचा झाल्यास त्याने आधी काय जाणून घ्यावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधील फट कड्यांनी बुजविलेली असते. परंतु कडी अखंड नसते. उष्णतेने प्रसरण पावण्यास वाव मिळावा म्हणून तिच्या दोन टोकांत बारीकशी फट ठेवावीच लागते. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरातील दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. साहजिकच थोडासा वायू या फटीतून निसटून खाली क्रँक केसमध्ये उतरतो. सुस्थितीतील एंजिनात निसटणाऱ्या वायूचे प्रमाण, आत घेतलेल्या हवेच्या शेकडा एक किंवा त्याहून कमी असते. ऐकताना हे नगण्य वाटते. पण हिशेब केला तर दीड लिटर क्षमतेचे चार धावांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत पूर्ण भाराने चालले असता सुमारे २,२५० लिटर हवा ओढते. तिचा शंभरावा भाग म्हणजे २२ लिटर. मोठी बादली भरून जाईल एवढा वायू दर मिनिटाला खाली उतरतो, आणि त्याला बाहेर पडण्यास वाट हवी.

वाट मिळाली नाही तर काय होईल, हेही आकड्यांनीच पाहावे. मोटारगाडीच्या एंजिनाखालील तेलपात्र, ज्याला कारागीर चेंबर म्हणतात, ते ४० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. आतील दाब पाण्याच्या केवळ १०० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा वाढला, तरी त्या पात्रावर सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका भार आतून पडतो. हाच दाब क्रँक शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सीलवर आणि झाकणांखालच्या गॅस्केटवरही पडतो. ‘सील नवे टाकले तरी तेल गळतेच’ अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत दोष पुष्कळदा सीलमध्ये नसतो. श्वासाची नळी तुंबलेली असते.

शिवाय निसटलेल्या वायूत पाण्याची वाफ, न जळलेले इंधन, काजळी आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे असतात. ही द्रव्ये आतच कोंडून राहिली की वंगणतेलात मिसळून आम्ल व गाळ तयार करतात. म्हणून या वायूला वाट काढून देणारी नळी, इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश करून आपण जिला ब्रीदर म्हणतो, ती एंजिनाच्या रचनेत आरंभापासून आहे. जुन्या गाड्यांत तिचे दुसरे टोक खाली रस्त्याकडे सोडलेले असे. गाडी धावू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर खेचला जाई आणि रस्त्यावर तेलाचा थेंबाथेंबाचा माग उमटे.

हा सुटसुटीत मार्ग बंद होण्याचे कारण कॅलिफोर्नियात सापडले. लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या डोळे झोंबविणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या व तेल-कारखान्यांच्या वायूंत आहे, असे तेथील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांचा एक मोठा वाटा धुराड्यातून न येता या श्वासनळीतून येतो, हे लक्षात आल्यावर ती नळी पुन्हा एंजिनाच्याच तोंडाला जोडण्याची युक्ती पुढे आली. १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या, आणि १९६३ पासून अमेरिकेतील बहुतेक सर्व नव्या मोटारींत ही रचना दिसू लागली. धुराचे नियमन करणाऱ्या सर्व साधनांत हे पहिले आणि कदाचित सर्वांत स्वस्त साधन होय.

लखनौतील उदाहरण

श्वासनळीचे महत्त्व मोटारगाडीत सहसा डोळ्यांना दिसत नाही. ते पाहावयाचे तर मोठ्या एंजिनाकडे गेले पाहिजे, आणि त्यासाठी लखनौ हे योग्य ठिकाण आहे. शहराच्या मानकनगर भागात भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना आहे. १९३० साली स्थापन झालेले मध्यवर्ती मानक कार्यालय आणि १९५२ साली लखनौत सुरू झालेले चाचणी व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ साली ती निर्माण झाली. रेल्वेची डिझेल एंजिने चाचणीच्या ओट्यावर चढवून त्यांचा इंधनखर्च, उष्णता, धूर आणि झीज यांची मोजमापे घेण्याचे काम तेथे होत आले आहे. त्याच शहरातील आलमबागच्या डिझेल शेडमध्ये प्रत्यक्ष गाड्या ओढणाऱ्या एंजिनांची देखभाल होत असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या रेल्वेचा भार ज्याने वाहिला, ते डब्ल्यूडीएम-२ जातीचे एंजिन वाचकांनी पाहिले असेल. १९६२ मध्ये ती प्रथम अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. तिच्यात अल्को कंपनीच्या रचनेचे १६ सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे डिझेल यंत्र असे. एकेका सिलिंडराचा व्यास २२८.६ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव २६६.७ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडराचे घनफळ जवळजवळ ११ लिटर आणि सोळांचे मिळून १७५ लिटर. एवढ्या यंत्राचा निसटता वायू आपोआप बाहेर पडेल, या भरवशावर राहता येत नाही. म्हणून त्याच्या क्रँक केसला विजेच्या मोटरने फिरणारा एक स्वतंत्र पंखा जोडलेला असतो. तो वायू सतत ओढून छपरावाटे बाहेर टाकतो व आत किंचितशी निर्वात स्थिती राखतो.

ही निर्वात स्थिती किती आहे, ते पाणी भरलेल्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या काचनळीने मोजतात. हे साधे उपकरण म्हणजे शेडमधील कारागिराच्या हातातील नाडीपरीक्षाच होय. पंखा ठीक असूनही पाण्याच्या दोन पातळ्यांतील अंतर घटू लागले, तर कड्या झिजल्या, मोडल्या किंवा दट्ट्याला तडा गेला अशी शंका घ्यावयाची. यंत्र न उघडता मिळणारी ही माहिती आहे.

एवढा खटाटोप केवळ तेलगळती टाळण्यासाठी नसतो. क्रँक केसमध्ये एखादा भाग बेसुमार तापला, तर त्यावर पडणाऱ्या तेलाची वाफ होते. ती थंड भागात जाऊन तिचे दाट धुके बनते, आणि त्याच तप्त भागापासून ते धुके पेट घेऊ शकते. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेना देल पासिफिको’ या प्रवासी जहाजाच्या दुरुस्तीनंतरच्या चाचणी-फेरीत, उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, अशाच स्फोटांनी यंत्रकक्षातील २८ माणसे मृत्युमुखी पडली. मोठ्या एंजिनांच्या क्रँक केसवर स्फोटाचा दाब सोडून देणारी झडपयुक्त झाकणे दिसतात, ती अशाच अपघातांच्या अभ्यासातून आली आहेत. मोटारगाडीच्या लहान एंजिनात असा स्फोट जवळजवळ होत नाही. परंतु क्रँक केसमधील हवा ही मोजून, सांभाळून हलविण्याची वस्तू आहे, हा धडा लहानालाही लागू आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लखनौच्याच सरोजिनी नगरातील स्कूटर्स इंडिया या सार्वजनिक कारखान्यात इटलीच्या लँब्रेटावर आधारलेली ‘विजय’ स्कूटर पुष्कळ वर्षे बनत असे. कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला, तरी त्या स्कूटरी जपणारे हौशी लोक अद्याप आहेत. ती दोन धावांची एंजिने होत. त्यांत हवा व इंधन यांचे मिश्रण क्रँक केसमधूनच सिलिंडरात जाते, म्हणून तेथे श्वासनळी नसतेच, आणि असताही कामा नये. क्रँक केसला भोक पाडणे म्हणजे एंजिन बंद पाडणे होय. पुढील सर्व विवेचन चार धावांच्या एंजिनापुरते आहे.

दोन नळ्या, दोन दिशा

आजच्या पेट्रोल गाडीत श्वासाच्या सामान्यतः दोन नळ्या असतात. एक हवेच्या गाळणीपासून निघून झडपांवरील झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, येऊन मिळते. तिच्यातून ताजी हवा आत येते. दुसरी क्रँक केस किंवा टॅपेट कव्हर यांपासून निघून, एका लहान स्वयंचलित झडपेतून एंजिनाच्या शोषण-नळीला मिळते. तिच्यातून दूषित वायू ओढला जातो. एंजिन मंद चालत असताना शोषण-नळीतील ओढ सर्वांत जोरदार असते, पण निसटणारा वायू थोडा असतो. म्हणून त्या वेळी झडप आपली वाट आखडून घेते. भार वाढला की ओढ कमी होते, वायू वाढतो आणि झडप मोकळी होते. पूर्ण भाराच्या वेळी एक झडप पुरत नाही. मग ताज्या हवेच्या नळीतूनच वायू उलट दिशेने बाहेर पडून गाळणीमागे जातो. एकाच नळीतून हवा दोन्ही दिशांनी वाहू शकते, ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने डबा बसविताना निम्म्या चुका होतात.

डिझेल एंजिनात शोषण-नळीची अशी ओढ नसते. तेथे श्वासनळी टर्बोच्या आधीच्या नळीत सोडलेली असते. वायूबरोबर गेलेले तेल टर्बोतून पुढे हवा थंड करणाऱ्या जाळीत साचते आणि धुराचा काही भाग पुन्हा आत घेणाऱ्या आधुनिक रचनेत काजळीशी मिसळून डांबरासारखा थर धरते. ज्या पेट्रोल एंजिनांत इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते, त्यांत झडपांच्या मागील बाजू धुणारे पेट्रोलच उरत नसल्याने तेथेही तेलाचा कार्बन जमतो. म्हणून वाटेत एक डबा बसवून तेल आधीच टिपून घ्यावे, ही कल्पना निघाली. कारागीर त्याला कॅच कॅन म्हणतात.

डब्याचे कार्य साधे आहे. अरुंद नळीतून आलेला वायू रुंद पोकळीत शिरला की त्याचा वेग मंदावतो. आडव्या पत्र्यांवर किंवा तारेच्या जाळीवर आपटून तेलाचे तुषार एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी उतरतात. थंड भिंतीवर वाफेचे पाणी होते. आत जाळी किंवा आडपत्रा नसलेला, वरच्या झाकणावर शेजारीशेजारी दोन तोंडे असलेला चकचकीत डबा बाजारात स्वस्त मिळतो. त्यात वायू एका तोंडाने येऊन दुसऱ्याने सरळ निघून जातो; तेल बहुतांशी त्याच्याबरोबरच जाते. असा डबा शोभेसाठीच घ्यावा.

दाबून बसविलेले निपल

डबा बसवू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती टॅपेट कव्हरवरील निपलाची. कारखान्यात हे पोलादी निपल ॲल्युमिनियमच्या ओतीव झाकणातील, त्याच्यापेक्षा केसभर लहान भोकात यंत्राने दाबून बसविलेले असते. आटे पाडावे लागत नाहीत, काम एका झटक्यात होते आणि ते सहसा सैल होत नाही. पण ते फिरवून काढता येत नाही. त्याचा व्यास डब्याच्या नळीशी जुळत नाही. आणि जुन्या गाडीत ते गंजलेले, चेपलेले किंवा हलू लागलेले असते. मोठ्या व्यासाचे निपल बसविण्याचा मोहही असतो. ९ मिलिमीटर आतील व्यासाच्या जागी १६ मिलिमीटरचे निपल आले की वाट तिपटीहून अधिक रुंद होते, हे खरे आहे.

परंतु कोणते निपल रुंद करावयाचे, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. काही एंजिनांत शोषण-नळीकडे जाणाऱ्या निपलाच्या आतच एक बारीक भोक हेतुपुरस्सर ठेवलेले असते. स्वयंचलित झडपेचे काम तेच करते. बाहेरून पाहणाऱ्यास ते निपल ९ मिलिमीटरचे दिसते, आत मात्र ३ मिलिमीटरचीच वाट असते. ते काढून सरळ नळी बसविली तर वाट नऊपट होते. मग मंद चालताना न मोजलेली हवा शोषण-नळीत शिरून एंजिन अडखळते, आणि क्रँक केसमधील ओढ इतकी वाढते की सील उलटे आत ओढले जाऊन शिट्टीसारखा आवाज काढतात. तेव्हा निपलात डोकावून पाहणे, निरनिराळ्या जाडीच्या ड्रिलची मागील गुळगुळीत बाजू आत घालून भोकाचे माप घेणे व ते लिहून ठेवणे, हे पहिले काम होय. जुने निपल काढावेच लागले तर तेवढ्याच मापाचे भोक असलेली चकती नव्या निपलात बसविली पाहिजे. ताज्या हवेच्या बाजूचे निपल मोठे करण्यात असा धोका नाही.

दुसरे असे की झाकण एंजिनावर असताना त्यात ड्रिल घालू नये. चुंबकाने कीस ओढून घेऊ, ग्रीस लावून धरून ठेवू, असे सांगणारे कारागीर भेटतात. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, हे ते विसरतात. झाकण काढून, धुऊन, टेबलावर उलटे ठेवावे. त्याच्या आतील बाजूस बहुधा एक आडपत्रा असतो. उसळणारे तेल श्वासनळीत जाऊ नये म्हणून तो लावलेला असतो. तो स्क्रूंनी बसविलेला असेल तर काढता येतो. तो रिव्हेटांनी पक्का केलेला असेल तर त्यामागे गेलेला कीस पूर्णपणे निघाल्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. अशा झाकणात भोक पाडण्याचा विचारच सोडावा, आणि जुन्या निपलालाच योग्य मापाची नळी जुळवावी. ज्या नव्या गाड्यांचे झाकण प्लास्टिकचे असून निपल त्याच्याशी एकसंध ओतलेले असते, तेथेही हेच करावे.

निपल काढण्यास पाइप पाना लावून ते पिळण्याची सवय सर्वत्र आहे. त्याने पातळ नळी चेपून अंडाकृती होते, आणि झाकणाच्या उंचवट्याला बारीक तडा जातो. तो पुढे महिन्याभराने तेल पाझरू लागल्यावर दिसतो. उष्णतेचा उपयोग करावा. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाख भागांपैकी २३ भाग वाढते, तर पोलाद १२ भाग. २० मिलिमीटर व्यासाचे निपल बसविलेले झाकण २५ अंशांवरून उकळत्या पाण्यात १०० अंशांपर्यंत नेले, तर दोहोंच्या प्रसरणातील फरक सुमारे ०.०१६ मिलिमीटर होतो. निपल दाबून बसविताना व्यासांत ठेवलेला फरक साधारणतः याच्या एक ते तीन पट असतो. म्हणजे उकळत्या पाण्याने पकड सुटत नाही, पण बरीच ढिली पडते. बाहेर काढताक्षणी निपलात बर्फाचा तुकडा धरला तर आणखी ढिली पडते. उकळते पाणी वापरण्याचा मोठा गुण असा की झाकण कितीही वेळ ठेवले तरी ते १०० अंशांपलीकडे तापत नाही. ज्योत लावली की ॲल्युमिनियम रंग न बदलता मऊ होते आणि गॅस्केटची सपाट बाजू वाकते. निपलाभोवती कारखान्याने चिकटद्रव्य वापरलेले असेल तर मात्र ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही.

मग निपलाच्या आतून टॅपने आटे पाडावेत. वर लोखंडी नळीचा एक आखूड तुकडा उंचवट्यावर टेकवून उभा करावा, त्यातून लांब बोल्ट निपलात फिरवावा, आणि वरून जाड वॉशर व नट लावून नट सावकाश आवळावा. नट आवळेल तसतसे निपल सरळ रेषेत वर येते. हातोडीची गरज पडत नाही. शेगड्यात झाकण धरावयाचे असल्यास लाकडाच्या पट्ट्या मध्ये घालाव्यात.

भोक मोकळे झाल्यावर दोन मार्ग असतात. कारखान्याप्रमाणे नवे निपल दाबून बसवावे, किंवा आटे पाडून पेचाचे निपल लावावे. लेथवर काम करणारा चांगला कारागीर हाताशी असेल, तर पहिला मार्ग मला अधिक पसंत आहे. भोकाचे माप घेऊन त्याहून ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर मोठे निपल करून घ्यावे. ते रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, झाकण गरम पाण्यातून काढून कोरडे करावे आणि शेगड्याच्या दाबाने निपल एका दमात सरळ बसवावे. अर्धवट बसलेले निपल क्षणार्धात तापून अडकते.

आटे पाडणाऱ्याने प्रथम उंचवट्याची जाडी मोजावी. पाइपच्या आट्यांची मापे फसवी असतात. अर्धा इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या निपलाच्या आट्याचा बाहेरील व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर नसतो, तर जवळजवळ २१ मिलिमीटर असतो; जुन्या लोखंडी पाइपच्या आतील पोकळीवरून ते नाव पडले आहे. आटे पाडल्यावर चोहोबाजूंनी निदान ३ मिलिमीटर धातू उरत नसेल तर लहान माप घ्यावे. लखनौच्या लाटूश रोडवर काय किंवा पुणे-मुंबईच्या हार्डवेअरच्या दुकानांत काय, मिळणारे सामान बहुधा ब्रिटिश आट्यांचे असते, आणि बाहेरून मागविलेल्या डब्याबरोबर येणारे निपल पुष्कळदा अमेरिकन आट्यांचे. अर्धा इंच मापात दोहोंचे इंचाला १४ आटेच असतात, म्हणून दोन-तीन फेरे ते एकमेकांत सुखाने जातात. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश व दुसऱ्याचा ६० अंश असतो. पुढे ते आवळले की आटे चिरडतात आणि जोड कधीच बंद होत नाही.

निमुळते आटे पाचरीसारखे काम करतात. लोखंडी पाइपला ते चालते; ओतीव ॲल्युमिनियमचा उंचवटा मात्र त्याने उकलतो. म्हणून सरळ आट्याचे, खांदा असलेले आणि खांद्याखाली तांब्याचे किंवा रबर जडविलेले वॉशर बसणारे निपल घ्यावे. टॅप फिरविताना रॉकेल वापरावे, अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असे करावे. पांढरी टेप गुंडाळण्याची सवय येथे सोडावी. तिची तुटलेली शेपटी तेलाच्या बारीक वाटेत जाऊन अडकू शकते. आट्यांना लावण्याचे पातळ चिकटद्रव्य बरे. आतून नट लावून धरलेले निपल बसविण्याची एक सोपी पद्धत आहे; पण तो नट सुटला तर थेट फिरत्या कॅम शाफ्टवर पडेल, हे ध्यानात ठेवून त्याला पक्का अडकाव करता येत असेल तरच ती पत्करावी.

नळी, उतार आणि मोजमाप

नळी तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची हवी. रेडिएटरची नळी दिसायला तशीच असते, पण तिचे रबर तेलाने फुगते. शोषण-नळीकडील भागात ओढीने चपटी होणार नाही अशी, आत धागा असलेली नळी घ्यावी. नळीला कोठेही झोळ नसावा. झोळात साचलेले तेल वाट अडविते. डबा धुराड्याच्या नळीपासून दूर, वारा लागेल अशा जागी आणि झाकण उघडून तेल काढता येईल असा लावावा. शोषण-नळीत दाब निर्माण करणारा टर्बो असेल तर त्या बाजूची एकदिशा झडप काढून टाकू नये.

काम झाले की पाहणी करावी, आणि ती लखनौच्या शेडमधील रीतीनेच करता येते. मीटरभर पारदर्शक नळी एका फळीवर यू आकारात बसवून तिच्यात पाणी भरावे. तेल भरण्याच्या तोंडाचे एक जादा झाकण घेऊन त्याला भोक पाडावे व त्यात नळीचे एक टोक घट्ट बसवावे. तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या नळीला हे उपकरण जोडू नये. अनेक एंजिनांत तिचे खालचे टोक तेलात बुडालेले असते. डबा लावण्यापूर्वी मंद गतीला आणि मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास पाण्याच्या पातळ्या नोंदवून ठेवाव्यात. डबा लावल्यावर पुन्हा घ्याव्यात. मंद गतीला आत थोडी ओढ दिसावी. पूर्वी ओढ होती आणि आता दाब दिसतो, असे झाले तर डबा, नळी किंवा नवे निपल वाट अडवीत आहे. ते तसेच ठेवून गाडी चालवू नये. ओढ पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली असेल तर आतील बारीक भोक नाहीसे झाले आहे.

डब्यात काय जमते, ते ऋतूवर अवलंबून असते. जानेवारीत लखनौची पहाट दाट धुक्याची व ७-८ अंशांची असते. घरापासून हजरतगंजपर्यंत आणि परत एवढेच जाणाऱ्या गाडीचे एंजिन पुरते तापतच नाही. तेव्हा डब्यात सायीसारखे पिवळट मिश्रण सापडते. तो तेल आणि पाणी यांचा घोळ असतो. रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल तर गॅस्केट फुटले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार गेला की तोच डबा काळे, पातळ तेल देतो. पहिल्या हजार किलोमीटरांत तो दर आठवड्यास उघडून पाहावा व गाडीच्या सवयीप्रमाणे पुढील मुदत ठरवावी. तो फार लवकर भरू लागला तर डबा मोठा घेऊ नये. सिलिंडरांतील दाबाची तपासणी करवून कड्यांची स्थिती पाहावी.

भरलेला डबा विसरणे डिझेल गाडीत धोक्याचे आहे. साचलेले तेल एकदम शोषण-नळीत ओढले गेले, तर एंजिन त्यावरच चालू लागते. किल्ली बंद केल्याने इंधन थांबते, पण तेल थांबत नाही. फेरे वाढत जातात आणि शेवटी यंत्र मोडते. हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून ती बंद पाडावी. हवेच्या तोंडावर हात किंवा फडके ठेवू नये. घट्ट फळी ठेवता आली किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक आत सोडता आला तर एंजिन गुदमरून थांबते. पण तडाख्यात सापडण्यापेक्षा दूर उभे राहणे केव्हाही चांगले.

काढलेले तेल पुन्हा एंजिनात ओतू नये, कारण त्यात पाणी व आम्ल असते. ते गोमतीला मिळणाऱ्या नाल्यातही सोडू नये. वापरलेले वंगणतेल घेणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या पिंपात ते टाकावे.

डब्याच्या डोक्यावर लहानशी गाळणी लावून वायू उघड्या हवेत सोडण्याची एक फॅशन आहे. शर्यतीच्या मैदानावर ती चालत असेल, रस्त्यावर नव्हे. क्रँक केसमधील वायू वातावरणात सोडण्यास आपल्याकडील प्रदूषणाच्या नियमांत पेट्रोल गाड्यांना मुभा नाही, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकांनी एकंदर नियम अधिकच कडक केले आहेत. निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलापेक्षा वाहन वेगळे होईल असे फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निषिद्ध ठरविले आहेत. हमीची मुदत चालू असलेल्या गाडीच्या मालकाने निपलाला हात लावण्यापूर्वी हे कलम आणि हमीपत्र ही दोन्ही वाचावीत. जुने झाकण तसेच जपून ठेवून, भंगारातून मिळणाऱ्या दुसऱ्या झाकणावर सगळे काम केले, तर मूळ रचना अर्ध्या तासात परत बसविता येते.